चार वार उशीर

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी सांगणाऱ्याची काही तक्रार नाही. पण सोलापुरात बाळीवेशीतल्या एका घरात इंटरनेटच्या डब्याला टॉवेलचा अंगरखा शिवलेला होता. चांगला चौरंगी टॉवेल, काजासकट दोन बटणं, दिवे दिसावेत म्हणून पुढून खिडकी. आणि त्या अंगरख्यापायी सांगोल्यात अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला त्याच्या घरच्यांनी जिवंतपणी मोडीत काढायचं ठरवलं होतं. निदान अंगरखा शिवणाऱ्याचं म्हणणं तसं होतं, आणि त्याच्या म्हणण्यातलं किती घ्यायचं हे पुढं कळेलच.

अंगरखा शिवणारा गुरुलिंग. वय चौऱ्याहत्तर. नव्या पेठेत शंकरप्पांच्या कापडाच्या दुकानात त्यानं बेचाळीस वर्षं गादीवर बसून कापड विकलं. कापड म्हणजे निमित्त. खरं तर तो गोष्टी विकायचा. गिऱ्हाईक बाई चादरीला हात लावायचा अवकाश, की याचं सुरू. "ताई, ही चादर साधी समजू नका. अक्कलकोट रोडला ट्रक पलटी झाला व्हता, तवा असल्या चार चादरी एकाला एक बांधून वडला वर. ट्रकचा बंपर तुटला, चादरीचा दोरा न्हाय तुटला."

पण गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणाऱ्याला हुंकार लागतो. बोलणाऱ्यानं वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणून ते उचलायचं, मग पुढचं टाकायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, हे जगातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. गुरुलिंगच्या गोष्टींना हुंकार द्यायला शेजारच्या गादीवर मल्लिनाथ होता. बारीक अंगाचा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं जन्मात थाप मारली नसेल. गुरुलिंग तागा झटकायचा, कापड गादीवर उलगडत जायचं, आणि अर्धा वार उलगडतोय तोवर मल्लिनाथचा हुंकार यायचा. "हूं... व्हय की... हूं."

आणि थाप फारच मोठी झाली, ट्रकचा बंपर तुटला की, मल्लिनाथ मान वर करून भर दुकानात म्हणायचा, "खोटं!"

गिऱ्हाईक कानडी मुलखातलं असलं तर "सुळ्ळ!" म्हणायचा. अर्थ तोच. दोघांच्याही घरातली भाषा ती, त्यामुळे मल्लिनाथच्या तोंडी 'सुळ्ळ' जरा जास्तच गोड लागायचं.

बायका खो-खो हसायच्या. गंमत अशी, की एवढी एक थाप पकडली गेली की बाकीच्या सगळ्या खऱ्या ठरायच्या. हा दुसरा माणूस प्रामाणिक आहे, त्यानं फक्त बंपरला हरकत घेतली, म्हणजे चादर मजबूत असणार! दोघांनी हे कधी ठरवून केलं नव्हतं, कधी त्यावर बोललेही नव्हते. मल्लिनाथचं 'खोटं' कधी लवकर आलं नाही, कधी उशिरा आलं नाही. गुरुलिंगचं तोंड मिटायच्या आत, अर्ध्या वारावर. मालक शंकरप्पा म्हणायचे, "हे दोघं नवरा-बायकू असते तर आख्ख्या सोलापुरात भांडान राह्यलं नसतं."

गेल्या दिवाळीनंतर मल्लिनाथला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बेचाळीस वर्षांच्या सगळ्या शब्दांतनं एकच उरला, 'हूं'. त्याचा मुलगा प्रभुलिंग सांगोल्यात शाळेत मास्तर. तो बापाला तिकडं घेऊन गेला. गुरुलिंग त्याला भेटायला निघणार, तर त्याच महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीच्या हाडात सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं, एसटीचं नाव काढायचं नाही. म्हणजे दोघंही अंथरुणावर, मध्ये ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

मग फोन. रोज संध्याकाळी पाच वाजता मल्लिनाथची सून राजेश्वरी तांब्याला टेकवून फोन उभा करायची. समोर मल्लिनाथचा अर्धा ओघळलेला चेहरा. इकडं गुरुलिंग उशीला पाठ लावून बसायचा आणि गोष्ट टाकायचा. तिकडनं हुंकार यायचा. पहिला महिनाभर अर्ध्या वारावर. गुरुलिंगला वाटायचं, दुकान उघडलं.

मग हुंकार सरकायला लागला.

आधी वारभर. मग दोन वार. गुरुलिंगनं वाक्य टाकावं, वाट बघावी, काही येऊ नये. पुढचं वाक्य टाकावं, तर मागचा हुंकार त्याच्या डोक्यावर येऊन पडावा. एका संध्याकाळी त्यानं बोकडाची गोष्ट सांगितली. बोकड मालकिणीचं लुगडं खाऊन पळाला आणि थेट कोर्टात साक्षीला उभा राहिला, वगैरे. मल्लिनाथचा चेहरा हलला नाही. गुरुलिंगनं कंटाळून विषय बदलला. "आरं, सांगायचं राह्यलं. आपल्या शंकरप्पांची बायकू गेली परवा."

आणि तेव्हा, नेमका तेव्हा, मल्लिनाथ हसला. डावीकडचा ओठ वर गेला, घशातनं लांबलचक "हूंऽऽ" आला, डोळ्यांत पाणी येईतोवर हसला. त्याच शंकरप्पांच्या बायकोनं त्याला चाळीस वर्षं दुपारचं ताक पाजलं होतं.

मागं प्रभुलिंग उभा होता. त्याचा चेहरा पडला. त्यानं फोन उचलला आणि बाहेर ओसरीवर आला.

"गुरुकाका, आता बास करू या."

"काय बास?"

"हे रोजचं. बाबांना आता कळत नाही, काका. ते कुठंही हूं म्हणतात. मगाशी बघितलंत की. डॉक्टर म्हणाले होते, बोलल्यावर वेळेवर प्रतिसाद आला तर मेंदू जागा आहे. नाही आला तर उगीच दमवू नका, शांत पडू द्या."

"आरं, तो बोकडाला हसला! लाइन उशिरा पोचती. दोष यंत्रात हाय."

"काका..."

"माझ्या घरचं नेट म्हैस हाय, म्हैस! माझा आवाज तिकडं उशिरा, त्याचा आवाज हिकडं उशिरा. दोन्हीकडनं मारतंय. मला आठ दिवस दे प्रभू. दोष काढून दावतो. न्हाय निघाला तर मीच फोन करायचा न्हाय."

प्रभुलिंग मास्तर होता, तेव्हा मुदत द्यायची त्याला सवय होती. "बरं. पुढच्या सोमवारी मी घरी लवकर येतो. तेव्हा बघू."

त्या आठ दिवसांतले पहिले पाच दिवस गुरुलिंगनं स्वतः उपचार केले. सांगोला पश्चिमेला, म्हणून डब्याचं तोंड पश्चिमेला केलं. त्याच्या कपाळावर, म्हणजे जिथं कपाळ असावं तिथं, विभूती ओढली. एक दिवस डबा बंद ठेवून त्याला विश्रांती दिली. पोरांचे अभ्यास बुडाले, सून जगदेवी बोलून बोलून दमली. शेवटी अंगरखा काढून धुतला, इस्त्री केली आणि परत घातला. त्याचं म्हणणं, डब्याचे दिवे त्या दिवशी जास्त हिरवे दिसले. उशीर मात्र तेवढाच.

"मामा, तुमी त्याला बाशिंग तेवढं बांधायचं ठेवलंय," जगदेवी म्हणाली. "तौहीदला बोलवा की. तो तेच काम करतोय."

तौहीद हा मदिनाबीचा मुलगा. मदिनाबी शंकरप्पांच्या दुकानातल्या चादरींच्या कडा शिवून द्यायची. तिच्या पदराला धरून हा दुकानात यायचा. आता दोन पोरांचा बाप, आणि घरोघरी नेट जोडून देणारा. सोमवारी दुपारी आला, चपला काढल्या, गुरुलिंगच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"बोला अप्पा. स्लो चालतंय?"

"स्लो न्हाय रे. पिक्चर दिसतं, समदं दिसतं. पण हुंकार उशिरा येतोय. मल्ल्याचा."

"मल्लिनाथमामा?" तौहीद हसला. "लहानपणी मला वाटायचं, ते पोलीस हायत. तुमी कायबी बोलला की ते पकडायचे."

मग गुरुलिंगनं त्याला सगळं सांगितलं. बोकड, मालकीण, प्रभुलिंग, आजचा सोमवार. तौहीदचं हसू हळूहळू गेलं. त्यानं खिशातनं फोन काढला.

"हे बघा अप्पा. आधी सांगोल्याचं सोडा. आधी घरातलं बघू. मी हितनं डब्याला हाक मारणार. डबा ओ देणार. हाकेला ओ यायला किती वेळ लागतो, ते हितं आकड्यात दिसतं."

"म्हंजे हुंकार."

"हुंकारच म्हणा. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर चांगल्या घरात दोन नायतर चार भाग लागतात."

"यप्पा! आमच्या वाराचे छत्तीस इंच व्हायचे. तुमच्या सेकंदाचे हजार?"

तौहीदनं हाक मारली. आकडे उमटायला लागले. तीनशे. सातशे. नऊशे चाळीस. मध्ये एकदा ओ आलीच नाही. परत आठशे.

तौहीद ताठ बसला. "अप्पा, तुमच्या हाकेनं अजून उंबरा सुदीक ओलांडला न्हाय. पलंगापासनं सैपाकघरापर्यंत जायला-यायला तिला सेकंद लागायलाय."

गुरुलिंगला काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तौहीदचा हात धरला. नऊशे चाळीस! आयुष्यात त्याला कुठला आकडा इतका आवडला नव्हता. "मी म्हणत व्हतो का न्हाय? जगदेवी! ए जगदेवी! दोष घरात हाय! मल्ल्यात न्हाय!"

"अजून काढायचाय तो," तौहीद म्हणाला, आणि उठला.

डबा सैपाकघरात, स्टीलच्या मांडणीच्या वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागं. तौहीदनं अंगरख्याची बटणं काढली आणि हात झटकला. "भाकरी भाजा ह्याच्यावर! आतनं तापून धापा टाकायलाय. आनि हे चारी बाजूनं भांडी. हाक जाणार कुटनं?" त्यानं डबा उचलून सोप्यातल्या खुंटीवर टांगला, उघडा. परत मोजलं. साडेतीनशे.

"अंगरखा कुणी शिवला?" त्यानं विचारलं.

गुरुलिंगनं खिडकीबाहेर बघितलं.

मग जिन्याजवळ सिग्नल वाढवायचं एक यंत्र सापडलं, आणि माडीवर त्याचा भाऊ. खालचं यंत्र डब्याकडनं न घेता माडीवरच्या यंत्राकडनं घेत होतं. म्हणजे गुरुलिंगचं वाक्य आधी माडी चढायचं, तिथनं उतरून सैपाकघरात जायचं, आणि मग सांगोल्याची वाट धरायचं. मांडीत सळई असलेल्या माणसाच्या वाक्यानं रोज संध्याकाळी एवढे जिने चढावेत! तौहीदनं दोन्ही यंत्रं उपटली. एकशे वीस.

"अजून कोणतरी खातंय," तो पुटपुटला. दारावर कॅमेरा होता. गुरुलिंगचा मुलगा मडिवाळप्पा चिंचोळी एमआयडीसीत कामाला. बाप काठी घेऊन एकटा बाहेर पडतो की काय, या धास्तीनं तो दिवसभर कारखान्यातनं मोबाइलवर घरचं दार बघत बसायचा. त्या बघण्यात निम्मं नेट जात होतं. तौहीदनं त्याला फोन लावला. "भाऊ, पाच ते सहा बगू नका. अप्पा कुटं पळत न्हायत, मी बसलोय हितं." कॅमेरा बंद. सहा.

"सहा!" गुरुलिंग म्हणाला.

"थांबा." त्यानं लॅपटॉप काढला, डब्याला सरळ वायर लावली. दोन. घराबाहेरची लाइन मोजली. चौदा. मग राजेश्वरीला फोन करून, तिच्या मोबाइलवर काय दाबायचं ते सांगून, सांगोल्याकडची बाजूही मोजून घेतली. चाळीस. "चाळीस म्हंजे काय न्हाय अप्पा. डोळा मिटायच्या आत जाऊन येतंय. आता तुमच्यात आनि मल्लिनाथमामात काय बी आडवं न्हाय."

जगदेवीनं चहा आणला. गुरुलिंगनं दाढी करून घेतली. जगदेवीकडनं कपाळावर विभूती लावून घेतली, धुतलेला शर्ट घातला. आज कुठली गोष्ट सांगायची, ते त्यानं पाच दिवस आधीच ठरवून ठेवलं होतं. ट्रक आणि चार चादरी. जुनी. हिच्यात 'खोटं' कुठं येतं ते मल्लिनाथला झोपेतही ठाऊक होतं.

पाच वाजता फोन लागला.

"ऐकू येतंय का काका?" राजेश्वरीनं विचारलं, आणि तिचे ओठ आणि तिचा आवाज एकदम आले.

"येतंय की! लई झ्याक! राजेश्वरी, मी टाळी वाजवतो. ऐकलीस की तू वाजव."

त्यानं टाळी वाजवली. त्याचे तळहात सुटे व्हायच्या आत तिकडनं टाळी आली. परत वाजवली, परत आली. चार-पाचदा दोघं टाळ्या वाजवत राहिले, भजनाला बसल्यासारखे. राजेश्वरी हसायला लागली. मागं प्रभुलिंग उभा होता, शाळेच्या कपड्यांत, तोही हसला. तौहीदनं अंगठा वर केला.

मग राजेश्वरीनं फोन तांब्याला टेकवला. समोर मल्लिनाथ.

"मल्ल्या," गुरुलिंग म्हणाला. "दुकान उगडलंय बग."

आणि त्याचा उजवा हात आपोआप हलला. चादरीवर, नसलेला तागा झटकल्यासारखा. अर्धा वार.

काही आलं नाही.

एक वार. गुरुलिंगनं पडद्यावरच्या कोपऱ्याकडं बघितलं. चित्र अडकलं असेल. अडकलं नव्हतं. मल्लिनाथच्या मागं भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरळ चालत होता. दोन वार. राजेश्वरीचा हात आला, तिनं सासऱ्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली, हात गेला. सगळं नीट, सगळं वेळेवर. तीन वार. मल्लिनाथचा डावा डोळा गुरुलिंगवर लागलेला होता. लांब रस्त्यावरनं कुणी ओझं घेऊन येताना दिसावं आणि यायचं थांबू नये, पण लवकर पोचूही नये, तसं त्या चेहऱ्याच्या आत काहीतरी येत होतं. चार वार.

"हूं," मल्लिनाथ म्हणाला.

गुरुलिंगचा हात चादरीवर तसाच राहिला.

त्यानं गोष्ट सुरू केली. न करून काय करणार? अक्कलकोट रोड, पलटी झालेला ट्रक. वाक्य टाकायचं आणि हातानं उलगडायचं. चार वार. "हूं." ड्रायव्हर झाडावर चढून बसला होता. चार वार. "हूं." एकदा साडेतीनवर आला, एकदा पाचावर. कमी झाला नाही. दुपारभर त्यानं एवढ्या आनंदानं उपटून घेतलेलं सगळं, मांडणी, भांडी, माडीवरचा भाऊ, दारातला डोळा, त्याला वाटलं तौहीदला सांगावं, लाव रे परत. जसं होतं तसं लाव. नऊशे चाळीस होते तेव्हा निदान कुणावर तरी ढकलता येत होतं.

खुर्चीत तौहीद वायरीचं वेटोळं करत होता. केलेलं वेटोळं त्यानं सोडलं आणि परत करायला घेतलं. मान वर केली नाही.

बंपर तुटला, दोरा नाही तुटला. गुरुलिंग थांबला. चार वार. पाच. सहा.

"हूं."

'खोटं' आलं नाही.

प्रभुलिंग पुढं आला, वाकला. त्याचा चेहरा बापाच्या चेहऱ्याशेजारी आला. नाक तेच, भुवया त्याच. "काय गुरुकाका? सापडला का दोष?" त्यानं अगदी हळू विचारलं. त्यालाही टाळ्या ऐकू आल्या होत्या. मास्तर माणूस, उत्तर त्याला दिसत होतं, फक्त ते काकांच्या तोंडून यावं एवढीच त्याची इच्छा असावी.

बेचाळीस वर्षांत गुरुलिंगनं हजारो थापा मारल्या होत्या. त्यातली एकही मारायला त्याला जड गेली नव्हती.

"सापडला की," तो म्हणाला. "पन समदा न्हाय. निम्मा निघालाय. डबाच खराब हाय म्हनतोय तौहीद. कंपनीकडनं नवा यायचाय. पंदरा दिवस लागतील, म्हैना बी लागंल. तोवर आवाज असाच मागं-फुडं व्हनार. बाईमानसाचा आवाज बारीक, तो पटकन निसटून येतो. टाळी बी येती. मल्ल्याचा आवाज पडला जाड, तो अडकतोय. काय तौहीद?"

तौहीदनं वायर मांडीवर ठेवली. आपल्या कामाबद्दल त्यानं आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. उलट गिऱ्हाइकांशी तेवढ्यावरनं भांडणं केली होती. त्यानं गुरुलिंगकडं बघितलं. मग फोनकडं.

"हूं," तो म्हणाला. अर्ध्या वारावर.

एवढा आधार मिळाल्यावर गुरुलिंग मग थांबलाच नाही. "नवा डबा आला की बगच तू प्रभू! तौहीद म्हनतोय, असला डबा आख्ख्या जिल्ह्यात दोनच हायत. मानसानं तोंड उगडायच्या आदी शब्द पोचतोय. एका घरात तर बायकूनं हाक मारायच्या आत नवरा ओ देऊन बसला, म्हनून सोडचिट्टी व्हायची वेळ आली!" प्रभुलिंग हसला नाही. गुरुलिंगनं त्याच्यावरनं नजर काढली आणि पलीकडं, त्या एका डोळ्याकडं बघितलं. आवाज खाली आणला. "मल्ल्या, ऐक. तू टायमावरच बोलतोयस. अर्ध्या वारावर. पहिल्यासारखा. हितं पोचाय उशीर लागतोय, एवढंच. दोष समदा यंत्राचा हाय. तुज्यात कायबी दोष न्हाय."

त्याचा हात हलला. अर्धा वार.

"बरं काका," प्रभुलिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हीही दमलात. बाबाही दमलेत. आता त्यांना पडू द्या. नवा डबा आला की... कळवा मला." तसा कुठला डबा येणार नव्हता, आणि आला तरी प्रभुलिंग परत फोन लावून देणार नव्हता, हे दोघांनाही कळलं.

एक वार. जगदेवी दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून.

"थांब प्रभू," गुरुलिंग म्हणाला.

दोन वार. राजेश्वरीनं सासऱ्यांच्या पायांवरची चादर वर ओढली. ती शंकरप्पांच्या दुकानातली होती. तिच्या कडेची शिवण तौहीदनं इतक्या लांबनं ओळखली.

"काका, ठेवतो."

"थांब रे. जरा थांब."

तीन वार. प्रभुलिंगचा अंगठा पडद्यावर मोठा होत आला, इतका मोठा की त्याच्या आड मल्लिनाथची हनुवटी गेली, ओघळलेला ओठ गेला. वरती एक डोळा तेवढा राहिला. तो डोळा भरला होता आणि मिटत नव्हता. चार वार. गुरुलिंगचा हात चादरीच्या काठाशी पोचला. पुढं कापड नव्हतं.

अंगठ्याआडून घसा खाकरल्यासारखा आवाज आला. अंगठा थबकला, मागं गेला. मल्लिनाथचा डावा ओठ हलत होता, वर जात होता, परत पडत होता. राजेश्वरी वाकली. "मामा? पाणी?"

तिच्याकडं न बघता, सरळ फोनमध्ये बघत, आख्ख्या दुकानाला ऐकू जावं अशा आवाजात मल्लिनाथ म्हणाला,

"सुळ्ळ!"